इसम नामे पुंजाराम

१

आमच्या घरात अर्ज मी लिहितो. विजेच्या मीटरचा, सातबाऱ्यातल्या चुकीचा, नळाला पाणी येत नाही त्याचा. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षात सोडलं तेव्हा आप्पा म्हणाला होता, "बन्सी, आता निदान अक्षर तरी कामाला येऊ दे." आप्पा म्हणजे माझा बाप, आप्पासाहेब. तोंडावर मी त्याला अहोजाहो करतो. इथं करणार नाही.

चितेगावची जमीन कारखान्यात गेली आणि आम्ही शहरात आलो, पैठण रस्त्याकडच्या एका कॉलनीत. फाटक, तीन पायऱ्या, उंबरा, हॉल, मागं स्वयंपाकघर. आप्पाला करायला काही उरलं नाही. ज्या माणसानं चाळीस वर्षं बैलांवर, गड्यांवर आणि बायकोवर ओरडण्यात काढली, त्याला आता टीव्हीवर ओरडावं लागत होतं. मग वैजापूरच्या एका लग्नात त्यानं त्याच्या साडूच्या कमरेला रिव्हॉल्व्हर बघितलं. साडू वाढायला वाकला की सदऱ्याखालून ते दिसायचं, आणि साडू गरजेपेक्षा जास्त वेळा वाकत होता. परतताना जीपमध्ये आप्पा सारखा स्वतःच्या कमरेला हात लावून बघत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं कारभारीकाकाला बोलावलं.

कारभारीकाका आप्पाचा धाकटा भाऊ. आयुष्यात त्यानं स्वतःचं म्हणून एक काम केलेलं नाही, पण कुठल्या ऑफिसात कुठल्या टेबलावर कुठला कागद लागतो हे त्याला तोंडपाठ.

"परवाना असा नाय भेटत," काका म्हणाला. "जिवाला धोका हाये म्हणायचं. मग ते इचारतेत, कोणापासून? ठाण्यात दोन-तीन तक्रारी नोंदलेल्या लागतेत."

"मला कोणाचा धोका हाये?" आप्पानं विचारलं. विचारताना त्याला जरा वाईट वाटल्यासारखं दिसलं.

"भावकीतल्या कोणाचं नाव टाकायचं का?"

"येडा का काय तू. उद्या खरंच उठंल तो काठी घेऊन."

"मग नसलेला माणूस टाकू," काका म्हणाला, आणि दोघांनी माझ्याकडं बघितलं.

तो माणूस आम्ही दहा मिनिटांत केला. नाव काकानं दिलं, पुंजाराम. बापाचं नाव आप्पानं दिलं, कडूबा. राहणार वैजापूरकडला, पक्का पत्ता माहीत नाही. बाकीचा मी लिहिला: 'इसम नामे पुंजाराम कडूबा, वय अंदाजे पन्नास, अंगात पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हा दुपारी चारच्या सुमारास माझ्या घराच्या फाटकाशी येऊन उभा राहतो, पाणी मागतो, व माझ्याबद्दल चौकशी करून बघून घेण्याची भाषा करतो.' चारची वेळ मी मुद्दाम टाकली. चारला आप्पा मारुतीच्या देवळामागं पत्ते कुटायला जातो, मी कुठंतरी उंडारत असतो, घरात आई एकटी. अर्जात ते जास्त दमदार दिसतं.

दोन महिन्यांनी दुसरा अर्ज, आणखी दोन महिन्यांनी तिसरा.

"दरवेळी त्यो थोडा जवळ आला पाहिजे," काकानं शिकवलं. "तिथंच उभा ऱ्हायला तर सायब म्हणतेल, ऱ्हाऊ द्या की उभा."

म्हणून दुसऱ्या अर्जात मी त्याला पायरीवर चढवला. तिसऱ्यात उंबऱ्यापर्यंत आणला. आईला कोणी काही सांगितलं नाही. तिला वाचता येत नाही, आणि आमच्या घरात बायकांना कागदाचं सांगायची पद्धत नाही. मीही सांगितलं नाही. पद्धतींना शिव्या देणारा मी, पण जी सोयीची आहे ती मीही पाळतो.

तिसऱ्या अर्जानंतर चार महिन्यांनी परवाना आला. आप्पानं आधी तो देवापुढं ठेवला, मग टीव्हीवर.

२

परवाना आला त्याच आठवड्यात दाराबाहेर माझा पाय एका ग्लासाला लागला. स्टीलचा ग्लास, उंबऱ्याच्या बाहेर भिंतीला लागून पालथा घातलेला. तो गडगडत तीन पायऱ्या उतरला.

"आई, हे भांडं इथं काहून?"

"ऱ्हाऊ दे, येगळं ठिवलंय," आतून आई म्हणाली. आईचं नाव वच्छलाबाई, पण आप्पा सोडून सगळी कॉलनी तिला माई म्हणते. आप्पा तिला काहीच म्हणत नाही, नुसता आवाज देतो. "त्या माणसाचंय."

"कोणत्या?"

"त्यो चारला येतो ना, पाणी प्यायला."

मी ग्लास उचलून हातात धरून उभा राहिलो.

"कधीपासून येतोय?"

"आता लई दिस झाले. संक्रांतीच्या मागं-पुढं असंल." पहिला अर्ज आम्ही संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दिला होता. "आधी फाटकाशीच प्यायचा. मग पायरीवर बसाया लागला. आता उंबऱ्यापाशी येतो. गरीब हाये बापडा. तुझ्या आप्पाचं इचारतो, आन् जातो."

"काय विचारतो?"

"आप्पा हायेत का. मी म्हणते, नाय."

"आणि मग?"

"मग काय. जातो म्हणलं ना."

ती पीठ मळत होती. एवढं सांगून ती पुन्हा पिठाकडं वळली, जसं काही तिनं दूधवाल्याबद्दल सांगितलं. मी हिशेबी डोक्यानं विचार केला. आईला अर्ज माहीत नाहीत. मग ज्याला माहीत आहेत त्यानं माणूस पाठवला असणार. पोलीस घरी चौकशीला येतात, शेजाऱ्यांना विचारतात. चौकशीत कोणीतरी 'हो, असा माणूस दिसतो' म्हणावं, एवढ्यासाठी कारभारीकाकानं वैजापूरच्या बाजारातला एखादा रिकामा हमाल लावून दिला असणार. सदरा घाल, टोपी घाल, चारला जाऊन पाणी पी. काकाच्या डोक्यात असलंच चालतं. मला राग आला. आई एकटी असते आणि काका भाड्याचा माणूस उंबऱ्यापर्यंत आणतो.

राग आला की मला बरं वाटतं. तेव्हाही वाटलं.

३

हत्यार बघायला आम्ही तिघं गेलो. क्रांती चौकात काकाला आधी चहा पाहिजे होता. आप्पा बशीत ओतून पीत होता. साखरेच्या आजारानं दोन वर्षांपासून त्याचा हात थरथरतो, बशीतला अर्धा चहा टेबलावर सांडतो, आणि दरवेळी तो टेबल हललं म्हणून हॉटेलवाल्याला शिवी देतो. तो हात धुवायला उठला तसं मी काकाला धरलं.

"काका, तो माणूस बंद करा आता. परवाना आलाय."

"कोणता माणूस?"

"पुंजाराम."

काका इतका हसला की शेजारच्या टेबलावरचे बघायला लागले. "अरं, तू डोक्यावर पडला का? मी कशाला माणूस लावू? कागदावर भागलं की आपलं."

काका खोटं बोलतो तेव्हा समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवतो. मी त्याच्या हातांकडं बघितलं. दोन्ही हात चहाच्या कपाभोवती होते.

चौकाच्या मागच्या गल्लीत, जिना चढून वर, अनंतरावांचं हत्यारांचं दुकान. आत सगळीकडं तेलाचा वास, शिवणयंत्राला घालतात तसल्या तेलाचा. भिंतीला साखळीत ओवलेल्या बंदुका. अनंतराव वाळलेले, चष्म्याला दोरी, शाळेत गणित शिकवणाऱ्या मास्तरासारखे. त्यांनी परवाना दोनदा वाचला आणि हिरव्या कापडावर तीन नग मांडले. दोन रिव्हॉल्व्हर, एक लांब नळीचं, एक आखूड, आणि एक पिस्तूल.

"ह्यातलं भारी कोणतं?" काकानं विचारलं.

"भारी नका विचारू. भरवशाचं विचारा." त्यांनी पिस्तूल उचललं. "हे दिसायला छान आहे. चपटं बसतं. पण ह्यात गोळी अडकली तर ती मागं ओढून काढावी लागते. त्याला दोन्ही हात लागतात आणि डोकं ठिकाणावर लागतं. माणूस दारात उभा असताना दोन्ही असतीलच असं नाही." मग लांब नळीचं रिव्हॉल्व्हर. "ह्यात सहा. एक फुसकी निघाली तर काही करायचं नाही, परत चाप ओढायचा. पुढची आपोआप समोर येते. म्हाताऱ्या माणसानं हेच घ्यावं. राग मानू नका."

आप्पानं राग मानला, पण गिळला.

"आता मला सांगा," अनंतराव म्हणाले, "समोरचा माणूस किती लांब असणार? रस्त्यापलीकडं? अंगणात?"

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत असणार, आणि सगळे गोंधळत असणार. त्यांनी मला नंतर जिन्यात सांगितलंही, की येणाऱ्यांतल्या निम्म्यांना हत्यार नको असतं, कमरेला उंचवटा हवा असतो. पण आप्पा गोंधळला नाही.

"उंबऱ्यात," तो म्हणाला. "मी सोफ्यावर, त्यो उंबऱ्यात."

"म्हणजे आठ-दहा फूट. मग आखूड नळीचंही चालेल. घरात आणखी कोण असतं?"

"बायको. आन् हे." हे म्हणजे मी.

"मग एक ध्यानात ठेवा. हल्लीच्या भिंती चार इंची असतात. गोळीला त्या कळत नाहीत. समोर कोण आहे ते बघायचं, त्याच्या मागं कोण आहे ते बघायचं, मगच बोट आत घालायचं. समोरचा माणूस ओळखू आला पाहिजे."

"मी वळखतो त्याला," आप्पा म्हणाला.

काकानं माझ्याकडं बघून डोळा मारला. काय छान नाटक करतोय थोरला, अशा अर्थी. मीही हसलो असतो. पण तेवढ्यात आप्पानं आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर उचलून दुकानाच्या दाराकडं रोखलं होतं, आणि त्याचा हात थरथरत नव्हता. दहा मिनिटांपूर्वी चहा सांडणारा तो हात. टोकाला जराही हालचाल नाही. रोखलं होतं ते रिकाम्या दारात, पण असंतसं कुठंतरी नाही. एका ठरावीक उंचीवर, आणि ती जागा जशी किंचित डावीकडं सरकली तसं ते डावीकडं सरकलं.

"दारावर नका रोखू," अनंतराव म्हणाले. "कोणीतरी येईल."

"हेच द्या," आप्पा म्हणाला. "गुरुवारी घिऊन जातो."

४

बुधवारी मी चारला घरी थांबलो. आप्पा पत्त्यांना गेल्यावर हॉलमध्ये टीव्ही बंद करून बसलो. आमच्या दाराला दिवसा पडदा असतो, मळकट निळा, खाली वीतभर आखूड. त्याच्याखालून उंबरा दिसतो.

चारला दोन मिनिटं कमी असताना आई स्वयंपाकघरातून ग्लास भरून घेऊन आली. बाहेर चप्पल वाजली नाही, फाटक करकरलं नाही. आमचं फाटक कुत्रं शिरलं तरी करकरतं. आईनं पडदा थोडा बाजूला केला, अंग दाराच्या चौकटीला टेकवलं आणि हात बाहेर धरला. माझ्या जागेवरून तिची पाठ दिसत होती आणि कोपरापर्यंत हात. हातातला ग्लास गेला. तो तिनं सोडला नाही, घेतला गेला.

मग पिण्याचा आवाज. माणूस तहानेनं पाणी पितो तेव्हा मधे श्वास घेतो. हा आवाज मधे थांबला नाही. घट, घट, घट, एकसारखा, एका ग्लासात मावेल त्यापेक्षा बराच वेळ.

"आप्पा नाय घरी," आई म्हणाली. "पोरगं हाये आज."

आवाज थांबला.

मी उठून पडदा ओढला तेव्हा बाहेर ऊन होतं आणि पायऱ्या होत्या. फाटकाला आतून कडी होती. ग्लास आईच्या हातात परत आला होता, रिकामा, आणि उंबऱ्यावर एक थेंबही सांडलेला नव्हता.

"गेला कुठं?"

"गेला की. तू असा धावत आला, बिचकला असंल."

"दिसतो कसा तो?"

"पांढरा सदरा, टोपी. पन्नाशीचा असंल."

"चेहरा?"

"चेहरा म्हंजे?"

"तोंड, आई. काळा, गोरा, मिशी, दात, काही."

आई बोलायला गेली आणि थांबली. तिच्या कपाळावर आठ्या आल्या. ती आठ महिने रोज ज्याला पाणी देत होती त्याचं तोंड आठवत होती, आणि मला दिसत होतं की तिला तिथं काहीच सापडत नाही. शेवटी ती चिडली. "तोंड कसं असतं माणसाचं, तसं. काय पोलिसावाणी इचारायला."

मी खोलीत जाऊन अर्जांच्या झेरॉक्स काढल्या. तिन्ही वाचल्या. वय होतं, सदरा होता, टोपी होती, पाणी होतं. चेहरा मी लिहिला नव्हता.

रात्रीची जेवणं झाल्यावर मी आप्पाला गाठलं. म्हणालो, उद्या हत्यार आणू नका. निदान गोळ्या घालू नका त्यात. तो माणूस आपण बनवलाय, तुम्हाला माहीतय.

"मग तुझी आई पाणी कोणाला देती?" आप्पा म्हणाला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"आठ महिने बघतोय. पत्त्यांवरून मधीच उठून येतो मी, कोपऱ्यावर उभा ऱ्हातो. पाठमोरा दिसतो." तो हळू आवाजात बोलत होता, आणि त्याच्या तोंडावर असं समाधान मी कधी बघितलं नव्हतं. जमीन गेल्यापासून या माणसाला कोणी विचारत नव्हतं. आता रोज एक जण त्याचं नाव घेऊन दारात येत होता. "माझ्यावर टपलाय त्यो. एकदा आत येऊ दे."

"आप्पा, तिथं आई असते. तुमचा नेम चुकला तर?"

"नाय चुकायचा," आप्पा म्हणाला, आणि हात समोर धरून मला दाखवला. खुंटीसारखा स्थिर होता.

रात्रभर मला एकच गोष्ट कळत होती. उद्या संध्याकाळच्या आत या घरात गोळी सुटणार. ती ज्याला लागायची त्याला लागणार नाही, कारण तो नाहीच. गोळी तर कुठंतरी लागणारच.

५

गुरुवारी दुपारी मी ठाण्यात गेलो. माझ्या डोक्यात सरळ होतं. अर्जानं आलाय, अर्जानं जाईल. कागद लिहून नेला होता: 'इसम नामे पुंजाराम कडूबा याच्याशी आपसात तडजोड झाली असून माझी त्याच्याविरुद्ध काहीएक तक्रार राहिलेली नाही.' खाली आप्पाची सही मी केली. बापाची सही मी दहावीपासून करतो.

टेबलावरच्या हवालदारानं कागद वाचला. पोट सुटलेला, झोप झालेला, चांगला माणूस होता.

"छान झालं. भांडण मिटलेलं बरं. पण ही एकाच बाजूची सही आहे."

"तक्रार आमची आहे ना."

"तडजोड दोघांत होते, बाळा. त्याचीही सही आण. येत नसेल तर डाव्या हाताचा अंगठा." त्यानं कागद परत सरकवला. "पण मिटलं कधी? सकाळीच तर तुझे वडील नवीन अर्ज देऊन गेले."

"कसला अर्ज?"

त्यानं गठ्ठ्यातून काढून दाखवला. आप्पाचं अक्षर. चौथीतल्या पोरासारखं, ओळ सोडून वर चढणारं. त्याला माझी गरज पडली नव्हती. नाव, वय, सदरा, टोपी, सगळं माझ्या अर्जांतून उतरवून घेतलं होतं. शेवटची ओळ फक्त त्याची होती.

'सदर इसम आता घरात येऊन बसला आहे.'

"लिहायला चुकले असतील," हवालदार म्हणाला. "बसेल असं म्हणायचं असेल. म्हटलं, आत्ता बसलाय का? तर म्हणाले, चारला."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते. बाहेर मी स्टेशनरीच्या दुकानातून शाईचं पॅड घेतलं. रिक्षात बसल्यावर मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. ज्याला मी लिहिलं त्याचा अंगठा मी का नाही उठवायचा? हवालदार काय बोटं तपासणार आहे? माझा अंगठा, त्याचं नाव, परत ठाणं. पण रिक्षा खड्ड्यांतून चालली होती, ठसा फिसकटला असता. म्हटलं घरी टेबलावर नीट करू. आईला शेजारी आवडाबाईंकडं बसवू. कागद देऊन साडेचारला परत.

६

आई जाईना.

"चार वाजत आले, त्याला पाणी कोण देणार?"

"मी देतो."

"तू दिलं म्हंजे झालं का? तू तर त्याच्या तोंडातली दातं मोजशील." ती ग्लास घासत होती. "आन् आज च्या बी टाकते. तुझे आप्पा म्हणले सकाळी, आज त्याला आत बसव. एवढे दिस दारातनं पाठवलं, बरं नाय दिसत."

मी तिला दंडाला धरून ओढलं असतं. मी तसं केलं नाही, कारण मला अजून वाटत होतं की कागद झाला की सगळं संपेल. हॉलमध्ये आलो, टीपॉयवर कागद पसरला, पॅड उघडलं. डावा अंगठा शाईत दाबला आणि 'पुंजाराम कडूबा' या नावापुढं उमटवला. चांगला उठला. रेघ न् रेघ दिसत होती. मग मोरीत जाऊन अंगठा धुतला. साबणानं शाई निघेना, दोनदा घासला. हॉलमध्ये परत आलो तेव्हा पडदा हलत नव्हता, ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं, आणि कागदावर दोन अंगठे होते.

दुसरा माझ्याच्या शेजारी, त्याच मापाचा. निळा, गोल, भरीव. त्यात एकही रेघ नव्हती.

मी खाली बघत राहिलो. समोर सोफा होता. त्याच्या रेक्झिनवर कोणी बसलं की गादीतनं हवा निघते, बराच वेळ, हळूहळू. ती निघत होती.

मी पुढं काय बघितलं ते जेवढं बघितलं तेवढंच सांगतो. पांढऱ्या सदऱ्याची दोन बटणं. मांडीवर ठेवलेले हात. टोपीची कड. टोपीच्या खाली डोळे कुठं असावेत, नाक कुठं असावं, हे अजून ठरलेलं नव्हतं. पण तो माझ्याकडं बघत होता हे मला कळत होतं. परीक्षेत पुढच्या बाकावरच्याच्या पेपरातून उतरवून घेणारं पोर बघतं तसा, थोडं बघायचं, थांबायचं, परत बघायचं. आणि दरवेळी टोपीखाली काहीतरी थोडं जास्त ठरत होतं.

"आला का त्यो?" आईनं आतून विचारलं. "च्याला आधण आलंय."

बाहेर जीप थांबली.

फाटक करकरलं. पहिली पायरी, दुसरी. आप्पा चढताना नेहमी गुडघ्यावर हात ठेवून कण्हतो. आज कण्हला नाही. तिसऱ्या पायरीवर त्याची पावलं पडद्याखाली दिसली, धूळ भरलेल्या चपला, आणि त्यांची सावली आत आली.

"बन्सी," त्यानं बाहेरूनच हाक मारली. "आत किती जण हायेत?"

मी बोलायच्या आधी आई बोलली. स्वयंपाकघरातून, कपबशा मांडता मांडता, नेहमीच्या आवाजात.

"आम्ही तिघं हावोत. या ना, बाहेर काहून उभे?"

पडद्याच्या कडेला नळीचं टोक आलं आणि पडदा बाजूला सरकला. आप्पा उन्हातून आलेला, आत अंधार. त्याचे डोळे बारीक झालेले. त्याला बहुतेक नुसते आकार दिसत होते, तोंडं नाही. हात मात्र दुकानात होता तसाच, दगडात कोरल्यासारखा. मी उभा होतो. समोरून गादीची हवा निघणं थांबलं होतं, सोफा वर येत होता, म्हणजे तोही उभा राहिला होता. माझ्याच उंचीचा.

"आप्पा," मी म्हणालो. एवढंच निघालं. त्या एका शब्दाच्या मागोमाग, अर्ध्या श्वासाच्या अंतरानं, तोच शब्द सोफ्याकडून, माझ्याच आवाजात निघाला.

आप्पानं मान किंचित तिरकी केली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"बन्सी, बाजूला हो," तो म्हणाला.

आणि मी हलायच्या आत कोणीतरी बाजूला झालं.